त्राण नसताना वाजवलेली गाणी : कीथ जॅरेट यांच्या एका एकल पियानो अल्बमचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात असे आहे. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट (जन्म १९४५, ॲलनटाउन, पेनसिल्वेनिया) १९९६च्या ऑक्टोबरात इटलीत एकल मैफली करत होते. त्यानंतर ते आजारी पडले आणि पुढची सुमारे दोन वर्षे मंचावर आले नाहीत. निदान झाले ते दीर्घकालीन थकव्याच्या विकाराचे, ज्यात विश्रांती घेऊनही अंगात बळ येत नाही आणि थोडेसे श्रमही दिवसेंदिवस भोवतात. या काळात न्यू जर्सीतल्या आपल्या घराला लागून असलेल्या स्टुडिओत त्यांनी एकट्याने पियानोवर काही जुनी गाणी वाजवून ध्वनिमुद्रित केली, आणि म्युनिकच्या ईसीएम या कंपनीने ती १९९९ मध्ये ‘द मेलडी ॲट नाइट, विथ यू’ या नावाने प्रसिद्ध केली. अल्बममध्ये दहा ट्रॅक आहेत आणि एकूण वेळ तासाभराच्या आतच आहे. जॅझ म्हटल्यावर श्रोता ज्याची वाट पाहतो, ते जागच्या जागी रचलेले विस्तारकाम त्यात जवळपास नाही.

या अल्बमविषयी बोलताना बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगितली जाते, ती अशी की आजाराने खचलेल्या थोर कलावंताने साधेपणाचा आसरा घेतला. ही गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. आजारी वादक पुष्कळ असतात आणि त्यांच्या हातून असे संगीत होतेच असे नाही. त्यामुळे आजाराने नेमके काय काढून घेतले, काय शिल्लक ठेवले आणि त्या शिलकीचे संगीत कशामुळे झाले, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

हा अभ्यास फोंड्यातल्या एका छोट्या श्रवणमंडळासाठी केला. जॅझ गोव्याला परका नाही. हळदोण्याचे आंतोनिओ शावियर वाझ, म्हणजेच मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक, किंवा माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी मुंबईचे नृत्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले, हे सर्वज्ञात आहे. मात्र स्वरलिपी वाचणाऱ्यांची ही परंपरा चर्चच्या शाळांतून बार्देश-साष्टीत रुजली आणि अंत्रुज महालातल्या, म्हणजे आमच्या फोंड्याच्या परिसरातल्या, देवळांच्या चौकांपर्यंत क्वचितच पोचली, कारण तिथे गायकाला साथ पेटीची होती. आमच्या मंडळातले बहुतेक सभासद नाट्यपदे आणि ख्याल ऐकत वाढलेले आहेत. पियानोविषयी त्यांना आदर आहे, पण जवळीक नाही. म्हणूनच या अल्बमची परीक्षा त्यांच्यापुढे घ्यावी असे वाटले. ज्याला गाणे माहीत आहे पण हे वाद्य माहीत नाही, असा श्रोता वादकाच्या कीर्तीने दिपून जात नाही.

आजारापूर्वीचा वादक

जॅरेट यांची कारकीर्द इथे विस्ताराने देण्याचे कारण नाही, पण आजाराने कोणत्या ताकदीवर घाला घातला हे कळण्यापुरती ती माहीत हवी. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ते ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांच्या संचांत वाजवत होते. १९७० च्या सुमारास ते ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याकडे विद्युत वाद्यांवर बसले. त्यानंतर त्यांनी एकट्याने, कोणतीही पूर्वरचना न ठरवता, अख्खी मैफल वाजवण्याचा प्रकार सुरू केला. २४ जानेवारी १९७५ रोजी कोलोनच्या ऑपेरागृहात झालेली मैफल त्यातली सर्वांत प्रसिद्ध ठरली आणि तिच्या प्रती लाखोंनी खपल्या. तिचा पहिला भाग सुमारे २६ मिनिटे सलग चालतो. हा खेळ अंगमेहनतीचा होता. वादक उठतो, वाकतो, सुरांबरोबर तोंडाने आवाज काढतो, एकच आवर्तन डाव्या हाताने पुन्हा पुन्हा घोळवत त्यावर उजव्या हाताचे इमले चढवत जातो, आणि पुढे काय येणार हे त्यालाही ठाऊक नसते. १९९६च्या इटलीतल्या त्या मैफली पुढे २० वर्षांनी प्रसिद्ध झाल्या. एकेका सत्रात मध्ये न थांबता वाजवलेल्या आपल्या या शेवटच्या मैफली, असे जॅरेट यांनी त्यांच्याविषयी नोंदवले आहे.

दुसऱ्या बाजूला, जुन्या लोकप्रिय गाण्यांशीही त्यांचा सराव जुना होता. गॅरी पीकॉक (बास) आणि जॅक डिजॉनेट (ड्रम) यांच्याबरोबरचे त्यांचे त्रिकूट १९८३ पासून प्रामुख्याने अशीच गाणी वाजवत आले होते. त्यामुळे आजारपणात त्यांनी ही गाणी जवळ केली यात नवल नाही, ती तर हाताखालचीच होती. नवल याचे की त्रिकुटात प्रत्येक गाणे पुढच्या विस्ताराचे निमित्त असे, आणि इथे विस्तारच वगळला.

ध्वनिमुद्रण

१९९९च्या नोव्हेंबरात ‘टाइम’ साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत जॅरेट यांनी या मुद्रणाची हकीकत सांगितली. तिचा सारांश असा : १९९७च्या डिसेंबरात पत्नीला नाताळची भेट म्हणून त्यांनी काही गाणी मुद्रित करायला घेतली. त्यांच्या हॅम्बुर्गला बनलेल्या स्टाइनवे पियानोची नुकतीच पूर्ण दुरुस्ती झाली होती आणि तो कसा वाजतो हे त्यांना पाहायचे होते. एखादा दिवस बरा उगवला तर ते यंत्र चालू करून काही मिनिटे वाजवत, कारण त्याहून अधिक वाजवणे झेपत नव्हते. हळूहळू मायक्रोफोनची जागा, पियानोच्या पट्ट्यांचा नवा स्पर्श आणि अतिशय हळू आवाजात वाजवण्याची शक्यता यांचा मेळ बसला. चलाखी करण्याइतके त्राण अंगात नव्हते, हाही त्या यशाचा एक भाग असल्याचे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. अल्बमवर मुद्रणाचे साल १९९८ दिले आहे, म्हणजे काम डिसेंबरातच आटोपले नव्हते.

या हकीकतीतले त्राण नसल्याचे वाक्य सगळ्यांना पाठ असते आणि पियानोच्या दुरुस्तीचा उल्लेख कोणाच्याच लक्षात राहत नाही. माझ्या मते प्रकरणाची किल्ली त्या उल्लेखात आहे. कोलोनच्या मैफलीत जॅरेट यांच्यापुढे चुकीचा पियानो आला होता. त्याचे खर्ज कमजोर होते, तार सप्तक पत्र्यासारखे वाजत होते आणि म्हणून ते बरेचसे मधल्या सप्तकांत खेळत राहिले. अडचणीतून कला कशी फुलते हे सांगणाऱ्या व्याख्यात्यांनी ही कथा आता इतकी वापरली आहे की तिचा कंटाळा यावा. घरच्या मुद्रणाची परिस्थिती मात्र नेमकी उलटी होती. इथे वादक कमजोर होता आणि वाद्य पूर्ण तयारीत. अडचण एवढेच कारण असते, तर दोन्ही वेळी सारखे संगीत व्हायला हवे होते.

हातोडी आणि तार

पियानोची पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेकडे फेकली जाते. मोठ्या पियानोत तारेपासून एक-दोन मिलिमीटर अलीकडेच ती पट्टीच्या यंत्रणेतून सुटते आणि उरलेले अंतर स्वतःच्या वेगाने कापते. यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली अशी की हातोडी सुटल्यावर वादकाचा त्या सुरावर, तो दाबून ठेवणे किंवा सोडणे याखेरीज, काहीही ताबा उरत नाही. दुसरी अशी की फार हळू आवाजात वाजवायला गेले तर हातोडीचा वेग इतका कमी होतो की ती तारेपर्यंत पोचण्याआधीच मागे फिरते आणि सूर मुळी निघतच नाही. म्हणजे हळू वाजवणे हे जोरात वाजवण्यापेक्षा धोक्याचे काम आहे. ज्या पियानोतल्या हातोड्यांची जुळणी एकसारखी नाही, त्यावर वादक हा धोका पत्करतच नाही. सगळे सूर निघावेत म्हणून तो सावधपणे थोडे अधिक बळ लावतो. पियानो नीट जुळवलेला असेल तरच त्या सीमारेषेवर वावरता येते. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगते, नमदा ओल धरतो आणि तारांना गंज चढतो, त्यामुळे जुन्या घरांत ठेवलेल्या पियानोवर असे वादन ऐकायला मिळणे दुर्मीळच.

यावर आणखी एक अडचण आहे, आणि संथ गाण्यात तीच मुख्य आहे. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरत जातो. एक लांब सूर धरल्यानंतर पुढचा सूर मूळ जोराने वाजवला, तर कानाला धक्का बसतो आणि ओळ तुटते. पहिला सूर विरता विरता जेवढा उरला असेल, तेवढ्याच जोराने पुढचा यावा लागतो, म्हणजे वादकाला आपल्या मागच्या सुराची शेपटी ऐकत पुढची पट्टी दाबावी लागते. गर्शविन यांच्या १९३५च्या ‘पॉर्गी अँड बेस’ या ऑपेरातले ‘आय लव्ह्ज यू, पॉर्गी’ हे गाणे अल्बमच्या सुरुवातीलाच आहे. त्यातली मुखड्याची ओळ या दृष्टीने ऐकावी. सूर एकमेकांत मिसळत नाहीत, तरीही त्यांच्यामध्ये फट पडत नाही. खाली डाव्या हाताचे आणि उजव्या अंगठ्याचे सूर सरकत असतात, पण तेही चालीच्या वर डोके काढत नाहीत. हे थकलेल्या हाताचे काम नव्हे. बोटांतले बळ कमी झाले असेल, पण त्यांवरचा ताबा मुळीच उणावला नव्हता, याचा हा पुरावा आहे.

आजाराने वेग आणि दम काढून घेतला, पण कान शाबूत होता, आणि जुळवलेल्या वाद्याने व जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनने त्या कानाला वाव दिला. हजार-दोन हजार माणसांच्या सभागृहात हे वादन शेवटच्या रांगेपर्यंत पोचले नसते. जॅरेट यांच्या मैफलींत तोंडाने काढलेला आवाज सर्रास ऐकू येतो. या अल्बममध्ये तो फारसा येत नाही, हेही याच बदललेल्या परिस्थितीचे लक्षण मानावे लागेल.

फोंड्याची बैठक

बैठक ऐन श्रावणात, एका सभासदांच्या घरी झाली. व्हरांड्यावर पत्रे असल्यामुळे पावसाची सर आली की अल्बममधले अर्धे सूर वाहून जात, म्हणून आतल्या खोलीत दारे लावून बसावे लागले. एरवी आमच्या बैठकीत मुद्रण वाजत असताना दाद, चहा आणि हलकी कुजबुज चालू असते. या वेळी आवाज वाढवूनही तसे करता येईना, कारण आवाज वाढवला की यंत्राची खरखर वाढे आणि वादन तेवढेच दूर राही.

पहिला आक्षेप अपेक्षित ठिकाणाहूनच आला. आमच्यातले ज्येष्ठ तबलजी म्हणाले, ‘ठेका नाही, सम नाही, मग हा माणूस पोचतो कुठे?’ ज्या प्रदेशात खाप्रुमामा पर्वतकरांच्या लयकारीच्या गोष्टी आजही भक्तिभावाने सांगितल्या जातात, तिथे हा प्रश्न उठणारच. त्यांना दाखवले ते ‘माय वाइल्ड आयरिश रोझ’, हे १८९९ मधले तीन मात्रांचे गाणे. त्यात तीनाची चाल स्पष्ट आहे. फक्त ओळीच्या शेवटी वादक थांबतो आणि मात्रा त्याच्यासाठी थांबते. तबलजींनी मांडीवर बोट ठेवून दोन ओळी मोजल्या आणि लय आहे हे मान्य केले, पण ‘ही गायकाची लय आहे, वादकाची नव्हे,’ असे वर सुनावले. मला ही तक्रार अल्बमचे अचूक वर्णन वाटली.

पेटीचे मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ पुन्हा लावायला सांगितले आणि म्हणाले, ‘हा शब्द म्हणतो आहे.’ हे गाणे १९२६चे आहे आणि त्यातला एकही शब्द मास्तरांना ठाऊक नाही. तरीही ओळ कुठे संपते, श्वास कुठे घेतला आहे, कोणत्या अक्षरावर भार आहे हे त्यांना नुसत्या वादनातून समजत होते. नाट्यपद पेटीवर वाजवणाऱ्याला हीच शिस्त असते. शेजारच्या बोरी गावात जन्मलेले पंडित तुळशीदास बोरकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ते ज्या परंपरेत घडले तिथे पद ऐकवायचे म्हणजे ऐकणाऱ्याला शब्द आठवले पाहिजेत, अशीच अपेक्षा असते. मास्तरांनी दोन वाद्यांतला फरकही नेमका सांगितला. पेटीची पट्टी कितीही हलक्या हाताने दाबली तरी सुराचा जोर बोटावर नसतो, तो भात्यावर असतो, आणि तो सूर चालू असतानाही कमीजास्त करता येतो. पियानोवाल्याला ती सोय नाही. ‘आमचा हात सुरानंतरही राबतो, याला सगळे आधीच ठरवावे लागते,’ असे ते म्हणाले. हातोडी आणि तारेचे जे विवेचन वर केले आहे, त्याचा सारांश मास्तरांनी पियानोला हात न लावता सांगितला.

कांपालच्या कला अकादमीत पियानो शिकलेली एक तरुण सभासद या चर्चेत होती. तिचे लक्ष चालीकडे नव्हे, तर तिच्या खालच्या आवाजांकडे होते. ‘शेनान्डोआ’ या जुन्या अमेरिकन लोकगीतात एकच चाल पुन्हा येते तेव्हा खालचे सूर बदललेले असतात, हे तिने मोबाइलवरच्या पियानोच्या पट्ट्यांवर वाजवून दाखवले. वरचा सूर तोच असतो, पण खालचा एक आवाज अर्ध्या सुराने उतरतो आणि त्याच सुराचा अर्थ बदलतो. चर्चच्या कॉयरात चार आवाज एकत्र ऐकलेल्यांना ही गोष्ट सहज कळते. तानपुऱ्याच्या स्थिर षड्जावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना ती मुद्दाम दाखवावी लागली. ‘त्यांनी नवीन काहीच रचले नाही असे म्हणू नका, मास्तर,’ असे ती म्हणाली. ‘त्यांनी चाल सोडून बाकीचे सगळे नवीन रचले आहे.’

बैठकीत निघालेला हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘विस्तार नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा आपले कान फक्त वरच्या ओळीकडे असतात. जॅरेट यांचे तात्काळ रचण्याचे काम थांबले नव्हते, ते चालीच्या खाली गेले होते. तिथे वेग लागत नाही, दमही लागत नाही, पण दर क्षणी निवड करावी लागते.

उणे बाजू

सगळा अल्बम सारख्या उंचीचा नाही. ‘बी माय लव्ह’ हे १९५० मधले गाणे मुळात बुलंद आवाजाच्या गायकासाठी रचलेले आहे. इथे त्याला हळुवार केल्यावर चालीतला गोडवाच तेवढा वर येतो आणि तो जरा जास्त होतो. ‘आय ॲम थ्रू विथ लव्ह’पर्यंत येईतो एकाच मनःस्थितीत फार वेळ राहिल्याची जाणीव होते. भेट म्हणून हे योग्यच होते, पण तबकडी म्हणून एखादे वेगळ्या वळणाचे गाणे मध्ये असते तर बरे झाले असते. उलट ‘ब्लेम इट ऑन माय यूथ’च्या शेवटाला जोडलेला ‘मेडिटेशन’ हा भाग, जिथे गाणे संपूनही वादक थांबत नाही आणि मोजक्या सुरांवर घुटमळत राहतो, तो जुन्या जॅरेट यांची आठवण देणारा एकमेव तुकडा आहे. बैठकीत सर्वांनी तो पुन्हा लावायला सांगितला. आपल्याला विस्ताराची किती सवय आहे, हे त्यावरून दिसले.

नंतरचा पुरावा

हा अल्बम म्हणजे निव्वळ नाइलाज होता का, या प्रश्नाचे उत्तर तारखांत मिळते. १९९८च्या नोव्हेंबरात जॅरेट यांनी न्यूअर्क इथे त्रिकुटासह पुन्हा जाहीर मैफल केली, आणि ती वेगवान, अवघड रचनांनी भरलेली होती. तिचे मुद्रण २०१८ मध्ये बाहेर आले. म्हणजे १९९९ मध्ये घरगुती मुद्रणे प्रसिद्ध झाली तेव्हा वादकाचे बळ बऱ्याच अंशी परतले होते. घरची भेट घरातच ठेवता आली असती. ती लोकांपुढे ठेवण्याचा निर्णय बऱ्या होत आलेल्या माणसाचा होता, आणि म्हणून अल्बमला आजाराचे अपत्य म्हणणे पुरेसे नाही.

एकल मैफलींकडे ते परतले तेव्हा घाटच बदलला होता. २००२च्या ऑक्टोबरात ओसाका आणि टोकियो इथे वाजवलेले, ‘रेडियन्स’ या नावाने २००५ मध्ये निघालेले मुद्रण १७ तुकड्यांत विभागलेले आहे. एक कल्पना संपली की वादक थांबतो, हात उचलतो आणि दुसरी सुरू करतो. अर्ध्या तासाच्या सलग वाटचालीऐवजी असे सुटे भाग का आले, याला दम हे एक कारण असेलच. पण सूर कुठे संपू द्यायचा याचा जो सराव घरच्या स्टुडिओत काही मिनिटांच्या बैठकांत झाला, तो या थांबण्यात ऐकू येतो, असे माझे मत आहे. पुढे २०१८ मध्ये जॅरेट यांना पक्षाघाताचे दोन झटके आले आणि डावा हात निकामी झाल्यासारखा झाला. २०२० मध्ये त्यांनी स्वतःच ही गोष्ट जाहीर केली. तो आजार वेगळ्या जातीचा होता. पहिल्या आजाराने ज्या खालच्या आवाजांना हात लावला नव्हता, ते बहुतांशी डाव्या हातातच होते.

तबलजींचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. त्यांच्या मते हा अल्बम उत्तम गाणे आहे आणि जॅझ फक्त ‘मेडिटेशन’पुरते आहे. मंडळाच्या वहीत त्यांचे मत तसेच नोंदवले आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत कोलोनचा पहिला भाग आणि ‘रेडियन्स’मधले काही तुकडे लागोपाठ लावायचे ठरले असून त्या दिवशी सुरुवातीचे बोलणे त्यांनीच करायचे कबूल केले आहे.